अपयश आणि संकट : ख्रिस्ती विचाराचा आढावा

ख्रिस्ती धर्मविचारात माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचे ढोबळमानाने तीन प्रकार धरता येतात. पहिला संकटाचा : आजार, दुष्काळ, अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू. दुसरा अपयशाचा : परीक्षा, शेती, धंदा, संसार, संस्था यांत मनापासून केलेली धडपड फसणे. तिसरा पापाचा : जाणूनबुजून केलेली चूक आणि तिची भोगावी लागणारी फळे. या तिन्हींची सरमिसळ झाली की आजारी माणूस स्वतःला पापी ठरवतो, दिवाळे निघालेला स्वतःला नालायक समजतो आणि खरोखर चुकलेला नशिबाला बोल लावून मोकळा होतो. या विषयावरच्या ख्रिस्ती लेखनाची बरीच शक्ती ही सरमिसळ सोडवण्यातच खर्ची पडली आहे.

सरमिसळ कशी होते हे नागपुरात धंतोलीइतके उघड दुसरीकडे क्वचितच दिसेल. ही शहरातली दवाखान्यांची वस्ती. विदर्भाच्या जिल्ह्यांतून, शेजारच्या मध्य प्रदेशातून आणि छत्तीसगडमधून रुग्ण इथे येतात. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर, मांडीवर रिपोर्टांची फाईल आणि पायाशी डब्याची पिशवी घेऊन बसलेल्या नातेवाइकांत कोणी म्हणते नशीब, कोणी म्हणते कुणाचे तरी पाप भोवले, कोणी दारूला दोष देते, कोणी डॉक्टरला. ‘हे आमच्याच वाट्याला का?’ हा प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच असतो. या प्रश्नाला बायबलने, नंतरच्या धर्मचिंतकांनी आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांनी काय उत्तरे दिली, ती आजच्या व्यवहारात कशी उतरतात आणि त्यांवर काय आक्षेप आहेत, हे क्रमाने पाहता येते.

जुना करार : तक्रारीला जागा

जुन्या करारात एकमेकांना छेद देणारे दोन सूर आहेत. नीतिसूत्रे आणि अनुवाद या पुस्तकांतला सूर असा की सन्मार्गाने चालणाऱ्याची भरभराट होते आणि वाकड्या वाटेने जाणारा बुडतो. ईयोबाच्या पुस्तकाने हाच हिशेब तपासायला घेतला. ईयोब सज्जन असूनही त्याची गुरेढोरे, मुलेबाळे आणि शेवटी स्वतःचे आरोग्य जाते. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसून राहतात. पुढे ते तोंड उघडतात ते, ‘तुझे काहीतरी चुकले असलेच पाहिजे’ हे सांगण्यासाठी. बेचाळीस अध्यायांच्या या पुस्तकाच्या अखेरीस देव दोष देतो तो देवाची बाजू लढवणाऱ्या या मित्रांना. भांडणाऱ्या ईयोबाला नाही. पाळकांच्या प्रशिक्षणात आजही या पुस्तकातून धडा काढला जातो तो हाच की मित्रांनी केलेले सर्वांत योग्य काम म्हणजे ते पहिले सात दिवस.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेकांत गाऱ्हाण्यानंतर अखेरीस विश्वासाचा सूर येतो, पण ८८ वे स्तोत्र तसे वळत नाही. ते अंधारातच संपते. असे स्तोत्र उपासनेच्या पुस्तकात राहू दिले गेले, याचा अर्थ देवापुढे केलेली तक्रार ही श्रद्धेचाच भाग मानली गेली.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट याहून साधी आहे. मोठा विजय मिळवल्यानंतर राणी ईजबेलच्या धमकीने तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवून त्याला उठवतो, खायला लावतो आणि पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा खाऊ घातल्यानंतरच पुढच्या वाटेचा विषय निघतो. खचलेल्या माणसाला आधी झोप आणि जेवण लागते, ही समज या कथेत मुरलेली आहे.

कर्ज आणि योबेल

आर्थिक अपयशाचा विचार जुन्या कराराने स्वतंत्रपणे केला. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफीची आज्ञा आहे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावे वर्ष ‘योबेल’ म्हणून सांगितले आहे : विकावी लागलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि कर्जापायी गुलाम झालेल्याने घरी जावे. या आज्ञा कितपत अमलात आल्या यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांमागचे गृहीत मात्र स्पष्ट आहे. पीक बुडणे आणि कर्जात रुतणे ही समाजात घडणारच, म्हणून त्यातून बाहेर पडण्याची वाट कायद्यातच असावी. ती कर्जबाजारी माणसाच्या लायकीवर सोडू नये.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत अपराधासाठी ‘ऋण’ हाच शब्द आहे आणि मराठी प्रार्थनेनेही तो ठेवला आहे. सावकार, पतपेढी आणि बँक या तिन्हींचे हप्ते थकलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

नवा करार : क्रूस आणि कोळशाचा विस्तव

दुःख ही पापाची शिक्षा, या समजुतीला येशूने दोनदा थेट नकार दिला. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात की पाप याचे की आईबापांचे. येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असे तो स्पष्ट करतो.

त्याचे स्वतःचे जीवन जगाच्या मोजमापाने फसलेले होते. गेथशेमाने बागेत त्याने मित्रांना जागे राहायला सांगितले आणि ते झोपी गेले. एका शिष्याने त्याला पकडून दिले, बाकीचे पळाले. गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखून ठेवलेला क्रूसाचा मृत्यू त्याच्या वाट्याला आला आणि मरताना त्याच्या ओठी बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात, म्हणजे देवाने टाकून दिल्याची तक्रार होती. पुनरुत्थानावरील विश्वासाने ख्रिस्ती धर्म उभा राहिला, पण मत्तय आणि मार्क या शुभवर्तमानकारांनी ही तक्रार पुसली नाही. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच राहिल्याचे योहान नोंदवतो.

अपयशाबाबत सर्वांत बारकाईने मांडलेली कथा पेत्राची आहे. येशूला पकडल्यावर प्रमुख याजकाच्या अंगणात नोकरचाकर थंडीसाठी कोळशाचा विस्तव करून शेकत असतात. तिथे उभ्या असलेल्या पेत्राने आपण येशूला ओळखत नाही असे तीनदा सांगितले. योहानाच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित येशू तिबिर्य समुद्राच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवून मासळी भाजतो. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला एकच प्रश्न तीनदा विचारतो : माझ्यावर तुझी प्रीती आहे का? जितक्या वेळा नाकारले तितक्या वेळा हो म्हणायची संधी, आणि प्रत्येक होकारानंतर मेंढरे सांभाळण्याचे काम. येशूला पकडून देऊन त्याच रात्री चुकलेला यहूदा पश्चात्तापाने पोळला, पण त्याने जीव दिला. पेत्र त्या काठापर्यंत पोहोचला. चूक लपवायची नाही, आणि चुकलेल्या माणसाचा निकाल तिच्यावरूनच लावायचाही नाही, अशी ही मांडणी आहे.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या हालअपेष्टांची यादीच दिली आहे : पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटणे. शरीरातला एक ‘काटा’ काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. दुर्बलतेतच कृपा पुरी पडेल, असे उत्तर त्याला मिळाले. मागणे मान्य न होणे हेही प्रार्थनेचे उत्तर असू शकते, हा विचार इथून रुजला. योहान मार्क या तरुणाने पहिल्या फेरीत साथ सोडली म्हणून पौलाने त्याला पुढे बरोबर घेतले नव्हते आणि त्यावरून बर्णबाशी त्याचे बिनसले. पौलाच्या नावाने असलेल्या तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात मात्र त्याच मार्काला आवर्जून बोलावले आहे.

नंतरचे चिंतन

दुसऱ्या शतकातल्या इरेनियसने मनुष्य हळूहळू परिपक्व होत जातो आणि अडचणी ही त्याची शाळा आहे, अशी दिशा दाखवली. ऑगस्टीनने (३५४–४३०) दुष्टतेला स्वतंत्र अस्तित्व नाकारले. ती चांगुलपणाची उणीव आहे आणि तिचे मूळ माणसाने आपले स्वातंत्र्य चुकीचे वापरण्यात आहे, असे त्याने मांडले. मार्टिन लूथरने १५१८ मध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत ‘क्रूसाची धर्मविद्या’ पुढे ठेवली : देव वैभवात शोधू नये, तो दुःखात आणि अपमानात दडलेला सापडतो.

विसाव्या शतकात दोन महायुद्धांनी हा प्रश्न धारदार केला. सी. एस. लुईसने १९४० मध्ये दुःखाच्या समस्येवर तर्कशुद्ध पुस्तक लिहिले. पत्नीच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पुस्तकात तोच लेखक देवाच्या बंद दाराशी झगडताना दिसतो. एकाच माणसाची ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की दुरून दिलेले उत्तर आणि आतून आलेला आक्रोश यांतले अंतर कळते. युद्धकैदी म्हणून छावणीत बायबल हाती आलेल्या युर्गेन मोल्टमनने १९७२ च्या आपल्या ग्रंथात देव दुःख लांबून पाहत नाही, क्रूसावर तो स्वतः ते भोगतो, असे प्रतिपादन केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर स्वतंत्र पत्र काढले. त्यात दुःखाचा अर्थ शोधण्याइतकेच दुःखिताची सेवा करण्यावर बोट ठेवले आहे.

मराठी मुलुखातली उदाहरणे

नागपुरात हा विचार जगून दाखवणाऱ्यांत पहिले नाव स्टीफन हिस्लॉप यांचे येते. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांच्या हयातीत धर्मांतरितांची संख्या मोजकीच राहिली. धर्मप्रसाराच्या ताळेबंदात हे अपयशच. त्यांनी शाळा चालवली आणि सोबत या भागातले खडक, जीवाश्म, आदिवासींच्या भाषा व चालीरीती यांची टिपणे केली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातली शिलावर्तुळे पाहून संध्याकाळी घोड्यावरून परतताना पावसाने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांची अपुरी टिपणे ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापली. त्यांच्या शाळेच्या परंपरेतून १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभे राहिले.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आयुष्यात संकटांची रांगच लागली होती. दुष्काळाच्या भटकंतीत आई, वडील आणि मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले आणि पुढे पुण्यात नेलेले शारदासदन हे विधवा व मुलींचे विद्यालय १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले. सल्लागार मंडळातली मोठी माणसे बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. समाजाच्या दृष्टीने हा त्यांच्या कामाचा शेवट होता. पण १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायका घेऊन आल्या. स्वतःच्या लहानपणी पाहिलेला दुष्काळ त्यांना तिकडे घेऊन गेला. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे शेती, विणकाम, छपाई अशी कामे बायका शिकल्या. अखेरची बरीच वर्षे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आईने भाषांतर हातावेगळे केले आणि एप्रिल १९२२ मध्ये देह ठेवला.

नारायण वामन टिळकांचा (१८६१–१९१९) नागपूरशी संबंध अप्पासाहेब बुटी यांच्याकडच्या संस्कृत ग्रंथांच्या कामामुळे आला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ही फरपट कोणाला खलनायक न करता, विनोद न सोडता सांगितली आहे. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा मिशनच्या चौकटीबाहेरचा प्रयोग मांडला; दोनच वर्षांत ते वारले आणि प्रयोग विरला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी रचले. टिळकांची भजने आजही मराठी मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून गायली जातात.

संस्थांनाही अपयश येते. उत्तर भारतातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र आणण्याची बोलणी १९२९ पासून चालू होती. चार दशकांनंतर, ऐन शेवटच्या टप्प्यावर, एका मेथडिस्ट मंडळीने माघार घेतली. तरी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये उरलेल्या सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली.

या सगळ्या उदाहरणांत संकटाचे कारण सापडले असे कोणी म्हटलेले नाही. अपुरे राहिलेले काम दुसऱ्या कोणीतरी हाती घेतले किंवा ज्याचे त्याने दुसऱ्या जागी पुन्हा मांडले, एवढेच त्यांत समान आहे.

आजचा व्यवहार

रुग्णसेवा हा या विचाराचा सर्वांत जुना व्यवहार. धंतोलीला लागून असलेल्या सीताबर्डीत स्कॉटिश मिशनने स्त्रियांसाठी सुरू केलेले मूर मेमोरियल रुग्णालय त्याच परंपरेतले. दवाखान्यात भेटीला येणारे पाळक सहसा थोडाच वेळ थांबतात : एखादे स्तोत्र, छोटी प्रार्थना, रुग्णाची इच्छा असल्यास प्रभुभोजन. कॅथलिक धर्मगुरू रुग्णाच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावून रुग्णाभ्यंग संस्कार करतात. याकोबाच्या पत्रातली सूचना हा त्याचा आधार. हा संस्कार पूर्वी मरणासन्न माणसापुरता उरला होता, म्हणून घरचे लोक धर्मगुरूंना बोलवायलाच घाबरत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) तो सर्व गंभीर आजाऱ्यांसाठी खुला असल्याचे ठसवण्यात आले.

चर्चच्या वर्षचक्रातही दुःखाला वेळ नेमून दिलेला आहे. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, त्यात चौदा टप्प्यांची क्रूसाची वाट, आणि येशूच्या मृत्यूचा शुक्रवार व ईस्टर यांच्यामधला काही न घडणारा शनिवार. क्रूसाच्या वाटेवर येशू तीनदा पडतो आणि तीनदा उठतो.

पाळकीय समुपदेशनाला शास्त्रीय वळण देणाऱ्यांत अमेरिकेतले अँटन बॉइसन महत्त्वाचे. १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेल्या या पाळकाने १९२५ पासून धर्मविद्येच्या विद्यार्थ्यांना वुस्टरच्या मनोरुग्णालयात शिकायला नेले. रुग्ण हाही पुस्तकासारखाच लक्ष देऊन वाचायचा मजकूर आहे, असे ते मानत.

आत्महत्येबाबतची भूमिका सर्वांत जास्त बदलली. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेतून ही मनाई गेली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आत्महत्या चूकच मानली. पण तीव्र मानसिक क्लेशाने माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असेही म्हटले. गेलेल्याच्या घरच्यांसाठी हा बदल फार मोठा आहे.

विपर्यास आणि आक्षेप

पहिला विपर्यास समृद्धीच्या प्रचाराचा. विश्वास पक्का असेल तर आजार बरा होणार, धंदा चालणार, असे सांगणारे प्रचारक ईयोबाच्या मित्रांचाच हिशेब पुन्हा मांडतात. बरे न झालेल्या रुग्णावर मग आजारासोबत अविश्वासाचाही आरोप येतो. नैराश्यावर औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी, ही समजूत त्याच पठडीतली.

दुसरा विपर्यास याच्या उलट, सोसण्याचे गौरवीकरण. ‘आपापला क्रूस उचला’ हे वचन मार खाणाऱ्या बायकोला किंवा राबवून घेतल्या जाणाऱ्या मजुराला सांगितले गेले की ते अन्यायाची ढाल बनते. मुक्तिवादी आणि दलित धर्मविद्येने यावर नेमके बोट ठेवले : टाळता न येणारे दुःख आणि माणसांनी लादलेले दुःख यांत फरक केलाच पाहिजे, दुसऱ्या प्रकाराला उत्तर सहनशीलतेचे नाही, प्रतिकाराचे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातली अनुसूचित जातींची व्याख्या १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाली, दलित ख्रिस्त्यांना नाही. त्यांच्या अडचणींना परीक्षा म्हणणे हे त्या भेदावर पांघरूण घालणे ठरते.

शेजारच्या परंपरांशी तुलना केली तर ख्रिस्ती विचाराचे वेगळेपण आणि साम्य दोन्ही दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा देणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी दुःखाचा अर्थ सामाजिक अन्यायापर्यंत विस्तारला आणि त्याच्या निवारणाची जबाबदारी माणसावर ठेवली. तिथे देवाकडे तक्रार करण्याचा प्रश्नच येत नाही. वारकरी परंपरेत दुष्काळाने घर आणि धंदा दोन्ही उद्ध्वस्त झालेल्या तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा आहे. योबेलची आज्ञा वाचणाऱ्याला ती परकी वाटणार नाही, आणि तुकारामांच्या अभंगांतला विठ्ठलाशी केलेला भांडणाचा सूर स्तोत्रांच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या वाटेने आलो, असे टिळक मानत ते याच नात्यामुळे.

एकूण ख्रिस्ती परंपरेने संकटाच्या ‘का’ला एकच एक उत्तर दिलेले नाही. शिक्षा, शाळा, गूढ, देवाचा सहभाग अशी उत्तरे तिच्यात एकत्र नांदतात आणि एकमेकांना तपासत राहतात. ‘आता काय’ या प्रश्नावर मात्र तिच्यात बरेच एकमत आहे : दुःखिताला दोषी ठरवू नये, त्याचे गाऱ्हाणे अडवू नये, आधी त्याच्या अन्नाची आणि झोपेची सोय पाहावी, लादलेले दुःख हटवावे आणि चुकलेल्याच्या हाती पुन्हा काम द्यावे.